अनोळखी नंबरावरून

औंढ्याच्या देवाला निघालेली एखादी जीप जवळा बाजारात चहासाठी थांबली, की मामा दात घासायचा जुना ब्रश कानामागे खोचून आपल्या फोनदुरुस्तीच्या दुकानाबाहेर येत. जीपमधून उतरणाऱ्या पहिल्या माणसाला हात जोडत आणि म्हणत, "पाव्हणं, एक फोन लावता का? नंबर मी सांगतो."

आजकाल असं कोणी म्हटलं की माणूस आधी स्वतःचा खिसा चाचपतो. बरेच जण मान हलवून चालू लागत. एक जण तर "पोलिसांना बोलावू का?" म्हणाला होता. मामांना त्याचं काही वाटत नसे. ते पुढच्या माणसाकडे वळत. शेवटी कोणीतरी भला गृहस्थ त्यांनी सांगितलेला नंबर लावी, आणि आतल्या टेबलावर कोणाचा तरी फोन वाजू लागे. मामा तिथेच उन्हात डोळे मिटून उभे राहत, बोटांवर घंट्या मोजत. मग "वाजला. नागनाथ तुमचं भलं करो," म्हणून आत जात. तो पाव्हणा चहा पिता पिता बराच वेळ त्यांच्याकडे बघत राही.

स्वतःच्या खिशात चांगला चालता फोन असताना हा माणूस फोन तपासायला रस्त्यावरची अनोळखी माणसं का धरतो, असं मला कितीतरी जणांनी विचारलं. मामा थोडे सरकलेले आहेत, असं समजून लोक गप्प बसत. मला मात्र कारण पक्कं ठाऊक आहे. त्या भानगडीत अर्धा हात माझाही होता.

जवळा बाजारच्या दवाखान्यात मी काही वर्षं सिस्टर होते. लेकरांचे डोस, गरोदर बायांची नोंदणी, म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, असं माझं काम. मूळची मी लातूरकडची आणि स्वभावाने चौकस. चौकस हा मी वापरते तो शब्द, आई मला भोचक म्हणायची. कोणाच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय मला घास गिळत नाही. त्यामुळे मामांचं आणि माझं जमायलाच हवं होतं, पण पहिल्याच भेटीत आमचं वाजलं.

त्यांचं दुकान म्हणजे बसथांब्याशेजारची पत्र्याची टपरी आणि तिच्यापुढे एक लांब लाकडी बाक. दाराशी एक जुना लग्नातला भोंगा तोंड वर करून पुरलेला होता, आणि त्यात तुळस लावलेली. मोबाईलच्या आधी मामा भोंगे भाड्याने देत. डीजे आले आणि भोंगे माळ्यावर गेले, पण मामांचे कान तसेच राहिले. पाटीवर लिहिलं होतं, "येथे मुका फोन बोलता होईल." बस, एवढंच. काच फुटलेला, बॅटरी फुगलेली, पाण्यात पडलेला फोन ते हातात धरत नसत. "तिकडं समोर न्या. फुटली काच कोणालाबी दिसते, त्यात डोकं काय लावायचं?" ज्याला फोन येतो पण वाजत नाही, तेवढाच आजार ते घेत.

माझा फोन वाजेनासा झाला म्हणून मी गेले. फोन पुढे केला तर त्यांनी घेतलाच नाही.

"फोन मागून. आदी तुमी बसा."

मी बाकावर बसले.

"कोणाचा फोन चुकला?"

"कामाचे बरेच चुकले."

"काम कुठं फोन करते बाई? माणूस करते. कोणाचा चुकला?"

बाकावर चार माणसं बसलेली. मला राग आला. डॉक्टर तपासायच्या आधी विचारतो ते ठीक, पण हा कोण? तरी शेवटी बोलून गेले, की आईचा चुकला, दोनदा चुकला, आणि ती आता रुसून बसली आहे.

"हां," मामा म्हणाले, आणि मगच त्यांनी फोन हातात घेतला. आधी नाकाशी नेऊन वास घेतला. "दवाखाना," असं स्वतःशीच म्हणाले. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवून हसले. "तुमच्या फोनात चांद निघाला हाय बाई. चांद निघाला की फोन निजते."

तिथे खरंच एक बारीक चंद्रकोर होती. मीच कुठल्याशा मीटिंगमध्ये फोन गप्प केला होता आणि विसरले होते. मामांनी चंद्र मावळवला, स्वतःच्या फोनवरून माझा नंबर लावला, फोन वाजला. तो परत देताना त्यांनी त्यात काहीतरी टाईप केलं. पाहते तर त्यांचा स्वतःचा नंबर त्यांनी जपून ठेवलेला, "मामा जवळा बाजार" या नावाने.

"मी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"सांगायचं न्हाईच लागत. माझा हात लागलेल्या फोनात माझा नंबर असतेच. ही माझी सही समजा. कवा तपासायचा पडला, तर मी लावीन आन् तुमाला बराबर कळंल."

मी फणकाऱ्याने निघाले, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा तिथेच जाऊन बसले. एकदा कुतूहल चाळवलं की माझं असंच होतं.

त्या बाकावर बसून मी जे शिकले ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. हळदीला पॉलिश करायचे दिवस आले की फोनांचा आवाज बसतो. त्या पिवळ्या भुकटीने घंटीची जाळी बुजते. मामा फोन पालथा करून ब्रशने झाडत आणि टेबलावर पिवळी रेघ पडे. कापसाच्या दिवसांत तंतू निघत. वास घेऊन ते सांगत, हा गोठ्यातला फोन, हा किराणा दुकानातला, हा पिठाच्या गिरणीतला. कोणी फोन तीन पिशव्यांत गुंडाळून, वर रबर लावून आणी आणि आवाज येत नाही म्हणे. त्याला मामा विचारत, "तुमाला गोणीत घालून तोंड बांधलं, तर तुमी वरडले तरी ऐकू येईल का?"

नरसीचा एक भजनी बुवा आला होता. त्याचा फोन खिशात एकदम मुका. मामांनी दोन मिनिटं बटणं दाबली आणि विचारलं, "महाराज, तुमच्या मंदिराच्या साउंड बॉक्समधून मधीच घंटी वाजते का?" बुवा चकित. आरती चालू असताना घंटी वाजते आणि बाया हात जोडतात, म्हणाला. याचा फोन त्या बॉक्सला जोडलेला राहून गेला होता आणि याच्या बायकोचा प्रत्येक फोन देवळात वाजत होता. बाक हसून हसून आडवा झाला. मामा एकटे हसले नाहीत. त्यांना एकच काळजी, "मंग बायको काय समजून राहिली असंल?"

घंट्यांचं त्यांचं एक शास्त्र होतं. "पहिल्याच घंटीत उचलते तो मानूस वाट पाहून राहिलेला असते. दोन-तीन घंट्या जाऊ देते तो सुखी. सहा-सात घंट्या होऊ देते, त्याला कोणी तरी काही मागून राहिलं."

"आणि जो उचलतच नाही तो?" मी चिडवलं.

"त्याचा फोन माझ्याकडं आना."

मी हसले खरी, पण तेव्हापासून चोरून मोजायला लागले. आमचे साहेब सातव्या घंटीला उचलत. माझी मैत्रीण तिसऱ्या. आई पहिल्या. आईचं मोजल्यावर मात्र मी मोजायचं बंद केलं.

आता याडीबद्दल सांगते. याडी म्हणजे तांड्यावरच्या बोलीत आई. जवळच्या तांड्यावरची एक साठीची बाई दर आठवड्याला बाजाराला येई. तिला तिचा मुलगा याडी म्हणे, म्हणून दवाखान्यात आम्ही याडी म्हणू लागलो आणि बाजारात सगळेच. फोन बटणांचा, काचेची भिंगं लावलेल्या कापडी पिशवीत, गळ्यात अडकवलेला. वाचता येत नव्हतं. तिला एकदा कोणीतरी परक्याने फोन करून तुझं बँकेचं खातं बंद होतंय, नंबर सांग, असं दरडावलं. बीपी तपासायला आली तेव्हा तिनं मला हे सांगितलं. मीच म्हणाले, "मामांकडे जा, ते असे फोन बंद करून देतील."

मामांनी दिले करून. बटणं दाबून त्यांनी अशी व्यवस्था केली की फोनात ज्यांची नावं आहेत त्यांचेच फोन यावेत, बाकीचे आपोआप परत जावेत. आपली सही ठोकली. "आता परकं कुत्रं बी भुंकनार न्हाई, याडी." याडी खूश. मीही खूश, की बघा, आपण किती बरोबर माणसाकडे पाठवलं.

त्याच दिवाळीनंतर तिच्या मुलाचं आणि तिचं भांडण झालं. त्याला कामासाठी हैदराबादकडे जायचं होतं, बायकोला घेऊन. सुनेला पाचवा महिना होता. तिची नोंदणी मीच केली होती, म्हणून मला सगळं ठाऊक. याडीचं म्हणणं, बाळंतपण इथं होऊ दे, मी आहे, सिस्टर आहे, मग जा. तो ऐकेना. शेवटी याडी रागाच्या भरात बोलली, "गेलास तर फोन बी करू नको. केलास तरी म्या उचलनार न्हाई." तो गेला.

हे वाक्य तिनं मला स्वतः सांगितलं, गोळ्यांची पुडी हातात धरून. "जीभ झडली न्हाई माझी," म्हणाली.

सुरुवातीला त्याचा फोन यायचा नाही, तेव्हा रागावला असेल म्हणून तिनं सोडून दिलं. पुढे तिनं शेजाऱ्याकडून लावून घेतला तर तो नंबर बंद. मग ती दर बाजारला मामांच्या बाकावर येऊन बसू लागली. गळ्यातली पिशवी सोडायची, फोन पुढे करायची. "मामा, वाजत न्हाई. पाहा बरं."

मामा मन लावून पाहत. जाळी झाडत, बॅटरी काढून घालत, आवाज पूर्ण चढवत. मग स्वतःच्या फोनवरून नंबर लावत. फोन खणखणीत वाजे.

"बरा हाय, याडी."

"व्हय, वाजते की," ती म्हणायची, आणि फोनकडे बघत राहायची.

ती गेल्यावर बाकावरची माणसं एकमेकांकडे बघत. फोनाला काही झालेलं नाही, पोरगंच फोन करत नाही, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मीही त्यात होते. आजकालची पोरं अशीच, वगैरे जे बोलायचं ते मी भरपूर बोलले. मामा बोलत नसत, पण त्यांनीही तेच धरलं होतं, कारण दर आठवड्याला ते तेवढ्याच मायेने ती जाळी झाडत, जिच्यात झाडण्यासारखं काही नव्हतं. माझ्या मनात सुनेचे दिवस मोजणं चालू होतं. आठवा लागला असेल, नववा लागला असेल. कोण असेल तिच्याजवळ? याडीही तेच मोजत होती. तिला दुसरं काही नको होतं, बाळंतपणाला वेळेवर पोचायचं होतं. गाठोडं बांधून ठेवलंय, म्हणायची. कुठं जायचं तेवढं कळलं की निघायचं.

हळदीच्या हंगामात मला दवाखान्याचं नवीन सिम मिळालं. याडीच्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून मी त्यावरून तिला फोन लावला. "आपण संपर्क करत असलेली व्यक्ती व्यस्त आहे." पुन्हा लावला, तेच. तिसऱ्यांदा तेच. म्हटलं, म्हातारी माझाही फोन कापते की काय! दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी तडक बाकाकडे गेले. याडी बसलेली, मामांच्या हातात तिचा फोन, टेबलावर पिवळी रेघ.

"याडी, काल तीन वेळा फोन केला. तीनदा कापलात. बीपी वाढलं तर माझ्याकडे येऊ नका मग."

"म्या? म्या कशाला कापू? वाजलाच न्हाई तर!"

"मी माझ्या कानाने ऐकलं."

"बाई," मामा मध्ये पडले, "फोन बराबर हाय. हे पाहा." त्यांनी आपल्या फोनवरून लावला. खणखणीत वाजला. "हाय का न्हाई?"

मला हार मानायची सवय नाही. मी माझा फोन काढला आणि तिथेच उभी राहून तिचा नंबर लावला. मामांच्या तळहातावर तिचा फोन निपचित पडून राहिला. माझ्या कानात बाई सांगत होती, व्यस्त आहे.

मामांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुन्हा लावा."

पुन्हा तेच.

"तुमचा नंबर जुनाच हाय ना?"

"नाही, हे नवं सिम आहे."

मामा सावकाश खाली बसले. त्यांचा अंगठा बटणांवर फिरू लागला, आत, अजून आत. एका ठिकाणी तो थांबला. मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "वाचा बाई, मला चष्मा न्हाई." चष्मा त्यांच्या नाकावर होता.

ती परत पाठवलेल्या फोनांची यादी होती. वर माझा नंबर, आत्ताचा आणि कालचा. त्याखाली एक दुसरा नंबर. त्याखाली तोच. मी बटण दाबत खाली गेले. तोच, तोच, तोच. मधेच एखादा परका, की पुन्हा तोच. यादी संपेपर्यंत तोच.

काय झालं असणार ते मला तिथंच उभ्या उभ्या समजलं. नावं असलेल्यांचेच फोन यावेत, ही व्यवस्था. मुलाच्या नावापुढे त्याचा जुना नंबर. नवा नंबर फोनाच्या दृष्टीने परका. आणि मामांचा नंबर? तो त्यांनी स्वतःच्या हाताने प्रत्येक फोनात घातलेला. जगात कोणाचा वाजो न वाजो, मामांचा फोन तिथं वाजणारच होता. आपल्याच सहीने आपलीच परीक्षा घेऊन ते दर आठवड्याला पास होत होते.

बाकावरच्या एकाने हळूच म्हटलं, "मामा, पार्ट खराब व्हता म्हना. तिला काय कळते?"

मामांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उठून याडीपुढे उकिडवे बसले. भर बाजारात, सगळ्यांसमोर.

"याडी, फोन खराब न्हवता. मी केला व्हता तसा. तुमचं पोरगं फोन करून राहिलं व्हतं. लई वेळा केला त्यानं. मीच त्याला दारातून हाकलत व्हतो."

याडीला ते नीट कळायला वेळ लागला. मग तिनं जे विचारलं ते माझ्या मनात अजून आहे.

"मंग त्याला तिकडं काय ऐकू येत व्हतं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "कापल्यासारखं. तुम्हीच कापल्यासारखं."

केलास तरी म्या उचलनार न्हाई, हे वाक्य तिच्याइतकंच मलाही आठवलं. जे तिनं रागात म्हटलं होतं, ते तिचा फोन महिनोन्महिने शब्दशः पाळत होता.

मामांनी ती व्यवस्था मोडली, आणि यादीतल्या त्या नंबरावर बोट ठेवलं. "लावू?"

"लावा."

फोन लागला. एक घंटी पुरती वाजलीही नाही.

"याडी?"

पुढे ती दोघं त्यांच्या बोलीत बोलत राहिली, मला एक शब्द समजला नाही. सगळी हकिगत मला नंतर कळली. प्रवासात त्याचा फोन हरवला, सिम गेलं, सगळे नंबर गेले. तोंडपाठ असलेला एकच नंबर, आईचा. तांड्यावर कोणाहाती निरोप द्यायचा, तर आई माझा फोन कापते हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून तो फक्त लावत राहिला.

बोलता बोलता याडी माझ्याकडे वळली. "सिस्टर, पोरगी झाली. सव्वा महिना झाला म्हनते. सून इचारते, आता कोन्ता डोस द्यायचा?"

मी डोस सांगितला. सव्वा महिना! म्हणजे त्या पोरीच्या जन्माच्या आठवड्यातही हा फोन टेबलावर झाडून, वाजवून, बरा आहे म्हणून परत दिला गेला असेल.

फोन पिशवीत घालून याडी उठली. मामा तसेच उकिडवे होते. ती त्यांना एवढंच म्हणाली, "बाळंतपनाला पोचले असते मामा म्या." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात ती गाठोडं घेऊन हैदराबादच्या गाडीत बसली.

मामांनी पुढचे कित्येक बाजार दुकान उघडलं, पण फोन घेतले नाहीत. रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत, "दाखवा तुमचा फोन." आणखी दोघांच्या फोनात तीच व्यवस्था निघाली, ती मोडली. आणि प्रत्येक फोनातून स्वतःचा नंबर पुसत सुटले. मलाही म्हणाले, "बाई, माझं नाव काढून टाका." मी काढलं म्हणून सांगितलं. काढलं नाही. मी त्यांना समजवायला गेले, की पाठवलं तर मीच होतं. "तुमी बराबर मानसाकडं पाठवलं होतं," ते म्हणाले, "मानूसच बराबर निघाला न्हाई." दुकान बंद करायचं त्यांच्या मनात घोळत होतं, हे मला दिसत होतं. याडी परत येईल का आणि आली तर बाकावर बसेल का, याच्यावर ते अडलं होतं. बाजारच्या दिवशी तांड्याची रिक्षा आली की त्यांची मान वर व्हायची.

पावसाळा सरता सरता याडी आली. नातीच्या हातातली म्हणून काळ्या मण्यांची एक मनगटी मला दाखवायला आणली होती. दवाखान्यातून ती सरळ बाकाकडे गेली, मीही मागोमाग. ती बसली. पिशवी सोडली, फोन पुढे केला.

"मामा, वाजते का पाहा बरं."

मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला. झाडला. आवाज चढवला. मग सवयीने त्यांचा हात स्वतःच्या खिशाकडे गेला, तर याडीनं मनगट धरलं.

"तुमचा न्हाई मामा. तुमचा तर नेहमीच वाजते."

मामांनी फोन तिच्या मांडीवर ठेवला. मग बाहेर रस्त्यावर गेले. चहाला थांबलेल्या एका अनोळखी माणसापुढे त्यांनी हात जोडले. "पाव्हणं, एक फोन लावता का? नंबर मी सांगतो." आत याडीच्या मांडीवर फोन वाजला. ती उचलेना, वाजू दिला. तिसऱ्या घंटीनंतर उचलून हसत म्हणाली, "ऐकू आलं, ऐकू आलं."

त्या दिवसापासून ती खोड लागली ती लागलीच.

माझी बदली होऊन आता बराच काळ झाला. नव्या गावी क्वार्टरमध्ये एकटीच असते. मधल्या काळात आई गेली. वर्षातून तीन-चारदा तरी मला अनोळखी नंबरावरून फोन येतो. कधी नांदेडचा कोणी ड्रायव्हर, कधी वाशिमची कोणी बाई, एकदा कोणी कन्नड बोलणारा. सगळे गोंधळलेले. "ताई, माफ करा, इथं एक मामा आहेत, ते म्हणाले हा नंबर लावा." मी म्हणते, "वाजला म्हणून सांगा त्यांना." अनोळखी नंबर मी कधी कापत नाही. कर्जवाले, लॉटरीवाले, सगळ्यांचं ऐकून घेते.

परवा दुपारी असाच एक आला. पलीकडे कोणी तरुण मुलगी होती, देवाला निघालेली. तिचं "हॅलो, तुम्ही मला ओळखत नाही" पुरं व्हायच्या आत मागून तो ओळखीचा आवाज ऐकू आला.

"कितव्या घंटीत उचलला?"

"पहिल्याच," मुलगी म्हणाली.

मागे बसचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "बाईला इचारा, कोणाची वाट पाहून राहिल्या?"

मुलीनं बिचारीनं जसंच्या तसं विचारलं. मी म्हटलं, "त्यांना सांगा, फोन बरा आहे." फोन ठेवला. मग तो पुन्हा उचलला, वरच्या कोपऱ्यात चंद्र निघालेला नाही ना ते पाहिलं, आणि जवळ ठेवला.